जुन्या ओसीटी यंत्राची प्रतिमा सुधारण्याच्या कामाच्या नोंदी

आमच्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत एक ओसीटी यंत्र आहे, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचे यंत्र. परतणाऱ्या प्रकाशावरून ते वस्तूच्या आतले थर न कापता दाखवते; डोळ्यांच्या दवाखान्यांत अशीच यंत्रे असतात. तीन वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांनी ते सुट्या भागांतून जुळवले होते. ते चालते, पण त्यातून येणारी प्रतिमा कोणाला दाखवावी अशी नव्हती. अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ती सुधारण्याचे काम मी या पावसाळ्यात हाती घेतले. विभागाने त्यासाठी ४०,००० रुपये मंजूर केले. असेच काम करणाऱ्या इतरांचे दिवस वाचावेत म्हणून चुकांसह सर्व काही येथे लिहून ठेवले आहे.

२४ जून २०२४

यंत्र ताब्यात घेतले. प्रकाशस्रोत सुपरल्युमिनेसंट डायोडचा असून त्याची मध्य तरंगलांबी ८४० नॅनोमीटर आणि तरंगलांबींच्या पट्ट्याची रुंदी ५० नॅनोमीटर आहे. प्रकाश फायबर कपलरमधून, म्हणजे त्याची विभागणी करणाऱ्या जोडातून, दोन वाटांनी जातो. एका वाटेवर, म्हणजे रेफरन्स आर्ममध्ये, आरसा आहे आणि नमुन्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेवर, म्हणजे सॅम्पल आर्ममध्ये, दोन गॅल्व्हो आरसे (विजेच्या संकेताने वळून किरण फिरवणारे) व ३० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग. परतलेला प्रकाश ज्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजणाऱ्या उपकरणात) एकत्र येतो तो विद्यार्थ्यांनीच बनवलेला आहे. त्यातला लाइन कॅमेरा, म्हणजे पिक्सेलची एकच ओळ असलेला कॅमेरा, २०४८ पिक्सेलचा असून सुमारे ८० नॅनोमीटरचा पट्टा त्यावर पसरतो. सेकंदाला २०,००० ओळी (नमुन्यातील एकेका जागेची वरून खोलवर जाणारी उभी ओळ) आणि गॅल्व्होच्या परतीच्या वेळेसह एका फ्रेमला, म्हणजे एका पूर्ण प्रतिमेला, १,००० ओळी धरल्या, तर सेकंदाला २० फ्रेम मिळतात.

पहिला नमुना कांद्याचा घेतला. ओसीटी जुळवणारे बरेच लोक कांदाच घेतात, कारण त्याच्या पेशी मोठ्या असतात, भिंती स्पष्ट दिसतात आणि आतला रस नितळ असतो. आम्हाला त्यासाठी लासलगावला जावे लागले नाही. कॅन्टीनमधून एक मागून आणला.

पडद्यावर कांद्याचा पृष्ठभाग जाड पांढऱ्या रेघेसारखा आणि त्याखाली पेशींची जेमतेम दीड ओळ दिसली. प्रतिमेच्या आरपार चार-पाच आडव्या रेघा होत्या आणि खाली, काही शे मायक्रोमीटरवर, पहिल्याचीच फिकट नक्कल असलेला दुसरा कांदा होता. नमुन्याच्या जागी साधा आरसा ठेवला की आलेखात त्याच्या खोलीवर एक शिखर उमटते; ते जितके अरुंद तितके खोलीतील बारकावे वेगळे दिसतात. त्या शिखराची रुंदी मोजली तेव्हा ती १९ मायक्रोमीटर भरली. या प्रकाशस्रोताकडून हवेत ६.२ मायक्रोमीटरची अपेक्षा असते.

३ जुलै २०२४

पहिले नऊ दिवस वाया गेले आणि त्याला जबाबदार मीच आहे. विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग चांगले येते, म्हणून मी त्यांना आधी गोंगाट (प्रतिमेतले नको असलेले ठिपके) काढणारे प्रोग्रॅममधले फिल्टर लावून पाहण्यास सांगितले. मीडियन, वेव्हलेट, नॉन-लोकल मीन्स असे एकेक करत त्यांनी प्रतिमा इतकी गुळगुळीत केली की मी ती विभागप्रमुखांनाही दाखवून आलो.

आज त्यांच्यातल्या एकीने शंका काढली: फिल्टर बंद असतानाही कालची प्रतिमा परवाच्यापेक्षा चांगली कशी दिसते? शोध घेतल्यावर असे आढळले की जुना प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमचा सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा बिंदू शोधून त्यानुसार छटा आपोआप ताणतो. नमुन्यावर एखादी झळाळी आली की बाकीची प्रतिमा काळवंडते आणि झळाळी नसली की सगळी उजळते. म्हणजे नऊ दिवस आम्ही ज्याला सुधारणा समजत होतो, त्यातली बरीचशी या आपोआप ताणण्याचीच होती. आता छटांची खालची मर्यादा गोंगाटाच्या पातळीवर आणि वरची तिच्या ४५ डेसिबल वर कायमची बांधून टाकली आहे. तसे केल्यावर प्रतिमा पुन्हा २४ जूनच्या जवळपास गेली, हे लिहायला जड जाते.

सर्व फिल्टर काढून ठेवले. यंत्रातून येणारा प्रकाश नीट होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असे ठरले.

९ जुलै २०२४

डोळ्यांवर विसंबून चालणार नाही, म्हणून तीन मोजमापे ठरवली: आरशाच्या शिखराची रुंदी, यंत्राची संवेदनशीलता (किती मंद परतलेला प्रकाश ते टिपू शकते) आणि आरसा खोल नेल्यावर शिखराच्या उंचीत होणारी घट. प्रत्येक बदलानंतर तिन्ही मोजून वहीत लिहायची.

संवेदनशीलता मोजताना गोंधळ झाला. जुन्या अहवालात ती १२४ डेसिबल लिहिलेली आहे आणि आमची ८४ भरली. चाळीस डेसिबल कुठे गेले हे शोधण्यात दीड दिवस गेला. अखेर लक्षात आले की ते कधी नव्हतेच. आरशासमोर प्रकाश मंद करणारा फिल्टर ठेवतात; तो प्रकाश एका फेरीत शंभरपट कमी करत असेल तर जाऊन-येऊन तो दहा हजार पट कमी होतो, म्हणजे ४० डेसिबल. अहवालकर्त्यांनी तिथे ८० मिळवले होते. २००३ साली तीन वेगवेगळ्या गटांनी स्पेक्ट्रोमीटरवर चालणारी ओसीटी आधीच्या, आरसा मागेपुढे हलवणाऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असते हे दाखवून दिल्यानंतर क्षेत्राने दिशा बदलली. आमचे यंत्रही त्याच पद्धतीचे, म्हणून ८४ हा आकडा पाहून या पद्धतीचा फायदा आमच्या मेजावर कुठेतरी सांडतो आहे, एवढे कळले. आता सांडण्याच्या जागा शोधायच्या.

मोजताना तो मंद करणारा फिल्टर किंचित तिरका ठेवावा, नाही तर त्याच्याच पृष्ठभागाचे शिखर आरशाचे समजून मोजले जाते. आमच्याकडून तेही एकदा झाले.

१५ जुलै २०२४

संततधार पाऊस आहे. सॅम्पल आर्मचे भिंग काढून दिव्यासमोर धरले तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. तीन पावसाळे ते उघड्यावर राहिले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने ते पुसले. बुरशीचा एक ठिपका काचेवरील लेपात उतरला आहे, तो जाणार नाही. त्यानंतर फायबरची सर्व टोके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आठांपैकी पाच टोकांवर धूळ आणि एकावर चक्क बोटाचा ठसा होता. ती साफ करताच संवेदनशीलता ८४ वरून ८८ डेसिबलवर गेली. खर्च १,१५० रुपये, वेळ एक दिवस. नऊ दिवसांच्या फिल्टरबाजीपेक्षा या एका दिवसाने अधिक दिले.

सुटे भाग ठेवण्यासाठी एका बंद पेटीत सिलिका जेल आणि लहान दिवा बसवला.

२२ जुलै २०२४

प्रतिमेतील दुसऱ्या कांद्याचे कोडे सुटले. ते सुटण्यासाठी चार दिवस लागले असले तरी या नोंदींमधला सर्वांत उपयोगी भाग कदाचित हाच ठरेल.

टोके साफ झाल्यावर ही भूतप्रतिमा पुसट होण्याऐवजी अधिकच स्पष्ट झाली. आधी वाटले की कुठल्या तरी काचेच्या दोन पृष्ठभागांमधले परावर्तन असावे. एकेक भिंग काढून पाहिले, काही फरक पडला नाही. मग एका विद्यार्थ्याने केबल बाजूला सारताना सॅम्पल आर्मकडे जाणारी फायबर कॉर्ड हातात गुंडाळून धरली आणि पडद्यावरचा दुसरा कांदा जवळजवळ नाहीसा झाला. कॉर्ड सोडताच तो परत आला. हा खेळ आम्ही दहा वेळा करून पाहिला.

ती कॉर्ड दूरसंचारासाठीची निघाली. चौकशी केल्यावर कळले की मूळ कॉर्ड तुटल्यावर आधीच्या तुकडीने शहरातल्या इंटरनेट जोडणीवाल्याकडून ३५० रुपयांना ती घेतली होती. दोन्ही कॉर्डवर 'सिंगल मोड' (प्रकाश एकाच प्रकारे नेणारी) असेच लिहिलेले असते आणि दोन्हींचे आवरण पिवळे असते. परंतु दूरसंचाराचे फायबर १,३१० आणि १,५५० नॅनोमीटरसाठी बनवलेले असते. ८४० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून एकाऐवजी दोन प्रकारे प्रवास करतो आणि त्या दोन प्रकारांचा वेग सारखा नसतो. मागे पडलेला प्रकाश अधिक खोलवरून आल्यासारखा भासतो आणि त्यातून दुसरा कांदा उगवतो. फायबर घट्ट वळवले की दुसऱ्या प्रकारचा प्रकाश वळणावर बाहेर गळतो, म्हणून हातात गुंडाळल्यावर भूत पळाले.

शिवाय कॉर्डच्या एका टोकाला निळा कनेक्टर होता आणि तो हिरव्याच्या सॉकेटात बसवलेला होता. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. त्या दोघांत फट राहते, प्रकाश वाया जातो आणि आडव्या रेघांना आणखी एक कारण मिळते.

७८० ते ९७० नॅनोमीटरसाठी बनवलेले फायबर आणि दोन्ही टोकांना हिरवे कनेक्टर असलेली कॉर्ड मागवली. करासह ११,२०० रुपये. या प्रकल्पातला हाच सर्वांत मोठा खर्च.

२ ऑगस्ट २०२४

नवी कॉर्ड अकरा दिवसांनी आली. भूत गेले. संवेदनशीलता ९१.

८ ऑगस्ट २०२४

आरसा पाव मिलिमीटरने मागे सरकवत शिखराची उंची मोजली. दोन मिलिमीटर खोलीपर्यंत ती २१ डेसिबलने घसरते, म्हणजे प्रतिमेच्या खालच्या अर्ध्या भागात काही दिसावे अशी अपेक्षाच चुकीची होती. दोष स्पेक्ट्रोमीटरच्या फोकसचा असणार, असे मानून सुरुवात केली.

येथे एक चूक टाळता येईल. आम्ही कॅमेरा मागेपुढे करताना पडद्यावरील स्पेक्ट्रम किती उजळ होतो याकडे पाहत होतो. उजळपणाला पाहून जुळवणी करू नये. फोकस थोडा हुकला तरी प्रकाश शेजारच्या पिक्सेलवर पडतोच, त्यामुळे एकूण उजळपणा फारसा बदलत नाही. बदलते ते दाट फ्रिंज (स्पेक्ट्रमवरच्या उजळ-काळ्या पट्ट्या) वेगवेगळ्या दिसण्याची क्षमता, आणि खोलवरची माहिती याच दाट फ्रिंजमध्ये असते. म्हणून आरसा मुद्दाम दोन मिलिमीटर खोलीच्या जागी ठेवावा आणि ते लहानसे शिखर जास्तीत जास्त उंच होईपर्यंत कॅमेरा हलवावा. जवळच्या शिखराकडे बघूच नये.

दुसरा दोष कॅमेऱ्याच्या फिरण्याचा निघाला. स्पेक्ट्रमची रेघ आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलची ओळ यांच्यात किंचित कोन होता. मधला भाग पिक्सेलवर पडत होता आणि दोन्ही कडा वर-खाली निसटत होत्या, त्यामुळे ५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला जेमतेम ३० च्या आसपासचा भाग उपयोगात येत होता. पट्टा अरुंद झाला की खोलीतील बारकावा त्या प्रमाणात जातो.

जुळवणी साधल्यावर स्क्रू आवळले की ती पुन्हा बिघडे. यात दोन पूर्ण दिवस गेले. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, प्रत्येक वेळी पाव फेरा आणि पडद्यावरचे शिखर पाहत आवळल्यावर ती टिकली. घट आता २१ ऐवजी ९ डेसिबल आहे, संवेदनशीलता ९६ आणि शिखराची रुंदी १९ वरून १३ मायक्रोमीटर. या कामाला पैसा लागला नाही, सहा दिवस लागले.

१३ ऑगस्ट २०२४

कुठल्या पिक्सेलवर कुठली तरंगलांबी पडते हे नेमके ठाऊक नसेल तर गणितात शिखर पसरते. भौतिकशास्त्र विभागातून आर्गॉनचा दिवा मागून आणला. आमच्या पट्ट्यात त्याच्या ८११.५, ८२६.५, ८४२.५, ८५२.१ आणि ८६६.८ नॅनोमीटरच्या ठळक रेषा येतात. त्या ओळखून वक्र जुळवला आणि निकाल आधीपेक्षा वाईट आला. पृष्ठभागाजवळ शिखर बारीक, पण खोल जावे तसे रुंद होत जाणारे.

चार दिवसांनी चूक सापडली. ज्या रेषेला आम्ही ८४२.५ धरले होते ती तिची शेजारीण, ८४०.८ ची रेषा होती. दोघींत आमच्या कॅमेऱ्यावर साधारण ४२ पिक्सेलचे अंतर आहे. पाच बिंदूंमधून तिसऱ्या घाताचा वक्र जुळवला की तो एका चुकीच्या बिंदूला बराचसा सामावून घेतो, म्हणून आलेखात काही खटकले नाही.

रेषा दुरुस्त केल्या, पण दिव्यावरचा विश्वास उडाला होता, म्हणून दुसरी पद्धतही वापरली. आरसा दोन वेगवेगळ्या खोलींवर ठेवून दोन्ही ठिकाणच्या फ्रिंजची कला (फेज) काढायची आणि त्यांची वजाबाकी करायची. काचेमुळे येणारा दोष दोन्हींत सारखाच असल्याने तो वजाबाकीत जातो आणि उरते ती केवळ पिक्सेल व तरंगसंख्या (तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणातली राशी) यांची सांगड. दिवा लागत नाही, खर्च नाही, अर्ध्या तासाचे काम. पुन्हा करायचे झाल्यास मी येथूनच सुरुवात करीन आणि दिवा फक्त पडताळणीसाठी ठेवीन.

याच सुमारास आढळले की जुना प्रोग्रॅम दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढून मधली किंमत काढतो. त्यामुळे खोलवरच्या शिखराभोवती गोंगाटाचे खांदे उभे राहतात. सरळ रेघेऐवजी क्युबिक स्प्लाइन, म्हणजे बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र, वापरताच ते खाली बसले. रुंदी आता ९.५ मायक्रोमीटर आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, ती सर्व खोलींवर जवळपास सारखी.

२० ऑगस्ट २०२४

शिखराच्या रुंदीतला उरलेला फरक काचेचा होता. सॅम्पल आर्ममध्ये जाड भिंग आहे आणि रेफरन्स आर्ममध्ये तेवढी काच नाही, त्यामुळे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या उशिराने पोहोचतात. तसेच दुसरे भिंग विकत घेऊन रेफरन्स आर्ममध्ये बसवणे हा सरळ उपाय झाला असता; आम्ही तो गणितात केला. स्पेक्ट्रमला दुसऱ्या आणि तिसऱ्या घाताची कला-दुरुस्ती देऊन प्रतिमा सर्वांत रेखीव कुठे होते ते संगणकाला शोधू दिले.

पहिल्या दिवशी संगणकाने शोधलेल्या किमतींनी प्रतिमा अधिकच फिसकटली. ओसीटीच्या गणितात खऱ्या प्रतिमेसोबत तिची आरशातली उलटी प्रतिमाही निघते; आपण फक्त अर्धी बाजू दाखवतो. आम्ही रेखीवपणा मोजताना दोन्ही बाजू धरल्या होत्या आणि संगणकाने दुरुस्तीचे चिन्ह उलटे निवडून आरशातली प्रतिमा अगदी कोरीव केली. पडद्यावर दिसणारी खरी प्रतिमा मात्र दुपटीने पसरली. मोजणी एका बाजूपुरती ठेवली आणि वरच्या तीस पिक्सेलची, जिथे नमुन्याचा संबंध नसलेला उजेड असतो, पट्टी वगळली. रुंदी ६.८ मायक्रोमीटर. येथे आम्ही समाधान मानले.

२४ ऑगस्ट २०२४

आडव्या रेघा काढताना एक मौज झाली. या रेघा स्रोत आणि रेफरन्स आर्ममधून येतात आणि प्रत्येक ओळीत सारख्याच असतात. आधी नमुना झाकून घेतलेली पार्श्वभूमी वजा केली जात असे, पण खोलीचे तापमान बदलले की अर्ध्या तासात ती जुनी होई. म्हणून त्याच फ्रेममधील सर्व ओळींची सरासरी वजा केली. रेघा स्वच्छ गेल्या. मग काचपट्टीवर सेलोटेपचे सात थर चिकटवून तयार केलेला नमुना ठेवला, तर काचपट्टीचा पृष्ठभागच गायब. ती मेजावर इतकी सपाट बसली होती की यंत्राच्या दृष्टीने तीही एक आडवी रेघच होती. आता प्रत्येक नमुना दोन-तीन अंश तिरका ठेवतो. त्याने पृष्ठभागाची डोळे दिपवणारी झळाळीही कमी होते.

३१ ऑगस्ट २०२४

सोळा फ्रेमची सरासरी घेतल्यावर प्रतिमा सुधारण्याऐवजी धूसर का होते, याचा शोध घेतला. कारणे दोन निघाली.

पहिले कारण विजेचे. स्टीलच्या पट्टीवरील अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा यंत्राखाली ठेवल्या आणि वरून दिसणारी प्रतिमा जुळवली. सरळ खुणांना करवतीसारखे दात होते. विजेचा ५० हर्ट्झचा झंकार गॅल्व्होच्या संकेतात मिसळत होता. सेकंदाला २० फ्रेम असल्याने एका फ्रेममध्ये त्याच्या अडीच लाटा बसतात, म्हणून एका फ्रेममध्ये खूण डावीकडे सरकते तर पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे. एकट्या फ्रेममध्ये हा दोष नजरेत भरत नाही. सरासरी घेतली की तो धूसरपणा म्हणून दिसतो. गॅल्व्होचा ड्रायव्हर आणि संगणक दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांना जोडलेले होते व त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक होता. दोन्ही एकाच पट्टीवर आणले, एम. जी. रोडवरून आवरणयुक्त केबल आणून तिचे आवरण फक्त ड्रायव्हरच्या बाजूला जोडले. दात गेले. ७८० रुपये.

दुसरे कारण ढोलाचे. गणेशोत्सव आठवड्यावर आला असून शेजारच्या मैदानावर संध्याकाळी सातपासून पथकाचा सराव चालतो. त्या वेळच्या फ्रेममध्ये कांद्याचा पृष्ठभाग दोन-तीन पिक्सेल, म्हणजे दहा-बारा मायक्रोमीटर वर-खाली नाचताना दिसतो. नाशिकमध्ये याबद्दल तक्रार करणे शोभणार नाही, आणि खरा दोष आमच्या मांडणीचाच होता: गॅल्व्हो आणि भिंग एका उभ्या दांड्यावर वीतभर बाहेर टांगलेले होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमधून जाड ॲल्युमिनियमची प्लेट व दोन आधार ३,४०० रुपयांत करून घेतले आणि मेजाखाली ३०० रुपयांचे रबराचे ठोकळे सरकवले. हालचाल एका पिक्सेलच्या आत आली. तरीही अंतिम मोजणी सकाळी सातला करण्याचे ठरवले आहे.

६ सप्टेंबर २०२४

उरला तो स्पेकलचा ठिपकेदार गोंगाट. वरच्या दोन दुरुस्त्यांनंतर सोळा फ्रेमची सरासरी घेतली. काळा भाग अधिक काळा झाला, पण कांद्याच्या भिंतींवरचे ठिपके तसेच राहिले. थोडा विचार केल्यावर ते साहजिक वाटले. हा गोंगाट कॅमेऱ्याचा नसून नमुन्यातील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आपसातील बेरीज-वजाबाकीतून येतो. कांदा हलत नाही, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये तेच ठिपके त्याच जागी येतात आणि सोळा सारख्या गोष्टींची सरासरी तीच राहते. डोळ्यांच्या दवाखान्यातील ओसीटी यंत्रांना बदलत्या ठिपक्यांचा फायदा फुकट मिळतो, कारण माणसाची नजर कितीही रोखली तरी किंचित हलतेच.

म्हणून दुसऱ्या गॅल्व्होने प्रत्येक फ्रेमनंतर किरण १३ मायक्रोमीटर बाजूला सरकवला. आमच्या भिंगाखाली प्रकाशबिंदूचा व्यास साधारण तेवढाच आहे. त्याहून कमी सरकवले तर ठिपके बदलत नाहीत. आठ फ्रेममध्ये किरण सुमारे शंभर मायक्रोमीटर सरकतो आणि तेवढ्यात पेशीची भिंत ओलांडली तर ती पुसट होते. यावर उपाय कांद्यानेच दिला. त्याच्या पेशी देठापासून मुळाकडे लांबट असतात, तेव्हा तुकडा असा ठेवायचा की ही लांबी सरकण्याच्या दिशेत येईल. ठिपक्यांचा गोंगाट २.३ पट कमी झाला. आठ फ्रेम पूर्णपणे स्वतंत्र असत्या तर तो २.८ पट कमी झाला असता.

सरासरी तीव्रतेची घ्यावी आणि त्यानंतर लॉग (लॉगॅरिदम) काढावा. आमच्या प्रोग्रॅममध्ये हा क्रम उलटा होता, त्यामुळे भिंती आणि आतला रस यांतला फरक प्रत्यक्षाहून वेगळा दिसत होता.

कापलेला कांदा वीस मिनिटांत सुकून आकसतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर पाण्याची झळाळी येते. तुकड्याभोवती ओला कापूस ठेवणे पुरते.

१९ सप्टेंबर २०२४

विसर्जन आटोपल्यावर गंगापूर रोडवरील एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे प्रतिमांच्या छापील जोड्या घेऊन गेलो. त्या रोज ओसीटी प्रतिमांत डोळ्याच्या पडद्याचे शेकडो थर वाचतात. प्रत्येक जोडीत एक आमची साधी सरासरीची प्रतिमा होती आणि दुसरी त्याच प्रतिमेवर जुलैमधले नॉन-लोकल मीन्स फिल्टर लावलेली. कोणती कुठली हे त्यांना सांगितले नव्हते. गोंगाटाच्या आमच्या आकड्यांत फिल्टर लावलेली प्रत्येक वेळी वरचढ होती.

सेलोटेपच्या जोडीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, ही दुसरी दिसायला छान आहे, पण यात मला चारच थर मोजता येतात. पहिलीत सात आहेत. पेशंटचा पडदा असता तर मी पहिलीच मागितली असती."

गुळगुळीत प्रतिमेत तीन थर पुसले गेले होते. फिल्टर अजून प्रोग्रॅममध्ये आहे, पण आपोआप लागणार नाही अशी व्यवस्था केली आहे. आणि प्रतिमेच्या कोपऱ्यात तो लावल्याची खूण उमटते.

त्यांनी हे यंत्र डोळ्यावर वापरणार का, असेही विचारले. नाही. त्यासाठी डोळ्यात जाणाऱ्या प्रकाशाची सुरक्षित मर्यादा प्रमाणित करावी लागते आणि नैतिकता समितीची परवानगी लागते. आमच्याकडे दोन्ही नाहीत. कांदा, द्राक्षाची साल आणि सेलोटेप एवढ्यावरच काम राहील.

२५ सप्टेंबर २०२४

हिशेब: फायबर कॉर्ड ११,२००, प्लेट व आधार ३,४००, साफसफाईचे साहित्य १,१५०, केबल ७८०, सिलिका जेल आणि दिव्याची पेटी ४२०, रबर ३००. एकूण १७,२५० रुपये. उरलेले पैसे विभागाला परत केले.

आजची स्थिती: शिखराची रुंदी १९ वरून ६.८ मायक्रोमीटर, संवेदनशीलता ८४ वरून ९६ डेसिबल, दोन मिलिमीटरपर्यंतची घट २१ वरून ९ डेसिबल. कांद्यात पेशींच्या चार ओळी मोजता येतात. काल द्राक्षाचा मणी ठेवून पाहिला. साल आणि तिच्याखालचा गर वेगळे दिसले, पण मणी गोल असल्याने दोन्ही कडा फोकसबाहेर जातात. या भिंगाखाली फोकस सुमारे ०.३ मिलिमीटर खोलीपुरताच टिकतो, त्यामुळे हा दोष जुळवणीने जाणार नाही.

राहिलेली कामे: गॅल्व्हो वळताना प्रतिमेची डावी कड अजून ताणलेली येते, तूर्त पहिल्या ऐंशी ओळी टाकून देतो. भिंगावरील बुरशीचा ठिपका तसाच आहे. स्पेक्ट्रोमीटरवर झाकण बसवायचे आहे, कारण पंखा लावला की शिखर किंचित सरकते.

दूरसंचाराची ती पिवळी कॉर्ड विद्यार्थी कपाटात जपून ठेवणार होते. मी ती मधोमध कापून टाकली.